कंपनी वाढली, म्हणजे आपले पैसे वाढले का?

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या वडोदऱ्याच्या शाखेत एक काका आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, दर तीन महिन्यांनी पासबुक भरून घेणारे आणि व्याजाची नोंद काउंटरवरच बोट ठेवून वाचणारे. त्या दिवशी हातात मुदत ठेवीची पावती होती, तीन लाखांची.

"मॅडम, ही मोडायची आहे."

ठेव मोडणे हा खातेदाराचा हक्क आहे. बँक अडवू शकत नाही. पण कारण विचारायला हरकत नसते. घरात आजारपण असेल, लग्नकार्य असेल, तर ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घेणे कधीकधी स्वस्त पडते. काकांचे कारण वेगळे होते. दिवाळीनंतर ते द्वारकेला जाऊन आले होते. जामनगरच्या पुढे त्यांना पवनचक्क्याच पवनचक्क्या दिसल्या. पुतण्या गाडी चालवता चालवता म्हणाला, "काका, हा धंदा आता वाढतच जाणार. तुमची एफडी सात टक्के देते, या कंपन्यांचे शेअर वर्षात दुप्पट होतात." काकांनी मला समजावले, "ऐकीव नाही हो, डोळ्यांनी पाहून आलोय."

धंदा वाढतो आहे, हे काकांचे म्हणणे अगदी बरोबर होते. २०१४ च्या मार्चमध्ये देशातली सौरऊर्जेची क्षमता तीन हजार मेगावॅटच्याही खाली होती. २०२५ च्या जानेवारीअखेर तिने एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. पवनऊर्जा त्याच वर्षी मार्चअखेर पन्नास हजारांच्या पुढे गेली. कोळसा, तेल, वायू न जाळता वीज देणारी पाच लाख मेगावॅट क्षमता २०३० पर्यंत उभी करायची, असे सरकारचे उद्दिष्ट आहे.

तरीही धंदा वाढणे, त्या धंद्यातली एखादी कंपनी वाढणे आणि त्या कंपनीच्या शेअरधारकाचे पैसे वाढणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावरून तिसरीचा अंदाज बांधताना मधली पायरी आपण गाळतो. या लेखात ती पायरीच पाहायची आहे. ओघात दोन कंपन्यांची नावे येतील. त्यांचे शेअर घ्या किंवा विका, असे मी सांगत नाही. त्यांचे आकडे सर्वांसमोर आहेत आणि त्यातून मुद्दा नीट दिसतो, एवढेच.

गिरणी विकणारा आणि दळण दळणारा

पवन आणि सौरऊर्जेतल्या कंपन्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक, यंत्रे बनवून विकणाऱ्या: पवनचक्क्या, सौर पॅनेल, त्यांचे सुटे भाग. दुसऱ्या, ती यंत्रे लावून वीज विकणाऱ्या. पिठाच्या गिरण्या बनवणारा कारखाना वेगळा आणि कोपऱ्यावर दळण दळून देणारा गिरणीवाला वेगळा, तसेच हे. कारखान्याला रोज नवे गिऱ्हाईक लागते. गिरणीवाल्याची गिऱ्हाइके ठरलेली असतात, पण गिरणी घेण्यासाठी काढलेले कर्ज त्याच्या डोक्यावर असते. माळावर उभी असलेली पवनचक्की एका कंपनीने बनवलेली असते आणि तिची मालकी बहुधा दुसरीचीच असते. "हिचा शेअर घ्यायचा" म्हणताना नेमका कोणाचा, हे काकांना ठाऊक नव्हते. पुतण्यालाही नसावे.

दुसरा घोटाळा मेगावॅट या शब्दाचा. वर्तमानपत्रात बातमी येते, 'कंपनीची क्षमता पाच हजार मेगावॅटवर'. मेगावॅट म्हणजे गिरणीच्या मोटारीची ताकद. दळलेले पीठ म्हणजे युनिट, आणि पैसे मिळतात ते पिठाचे. सूर्य रात्री नसतो, ढग येतात, धूळ बसते; वारा पावसाळ्यात जोरात आणि बाकी वर्षभर मनाला येईल तसा. त्यामुळे चांगल्या जागेचा सौर प्रकल्पही वर्षभरात पूर्ण ताकदीच्या वीस ते पंचवीस टक्केच वीज देतो. पवनचक्कीचे प्रमाण जागेप्रमाणे यापेक्षा बरे असू शकते.

एका मेगावॅटचा हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण वास्तवापासून फार दूर नाहीत. एक मेगावॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालले, तर ८७.६ लाख युनिट होतील. सौर प्रकल्पाला २४ टक्के धरले, तर २१ लाख युनिट. दर अडीच रुपये. वर्षाची विक्री झाली साधारण साडेबावन्न लाख रुपये. देखभाल, विमा, पॅनेल धुणे यांचे चार लाख वजा केले की साडेअठ्ठेचाळीस उरतात. आता प्रकल्पाचा खर्च चार कोटी धरा. त्यातले तीन कोटी कर्जाचे असतात. या धंद्यात शंभरातले सत्तर-पंचाहत्तर रुपये कर्जाचेच असतात. नऊ टक्के व्याजाने अठरा वर्षांत फेडायचे, तर मुद्दल-व्याज मिळून वर्षाचा हप्ता येतो ३४.३ लाख. मालकाच्या हाती राहिले चौदा लाखांच्या आसपास, त्याने घातलेल्या एक कोटीवर.

चौदा टक्के म्हणजे ठेवीच्या व्याजाच्या दुप्पट. वाईट नाही. पण एखाद्या वर्षी पाऊसपाणी जास्त झाले आणि चोवीसऐवजी एकवीस टक्केच वीज निघाली, तर? विक्री ४६ लाखांवर येते. हप्ता तोच, देखभाल तीच. उरतात ७.७ लाख. वीज आठव्या हिश्शाने घटली, मालकाची कमाई मात्र जवळपास निम्म्यावर आली. कर्ज असलेल्या प्रत्येक धंद्याचा हा गुण आहे. नफ्यातही तो जोर लावतो आणि तोट्यातही. व्याजदर नऊचा दहा झाला, तर हप्ता ३६.६ लाख होतो, म्हणजे आणखी सव्वादोन लाख गेले.

शिवाय वीज विकत घेते कोण? बहुतेक वेळा राज्याची वीज वितरण कंपनी किंवा तिच्यासाठी खरेदी करणारी सरकारी संस्था. करार पंचवीस वर्षांचा असतो आणि दर सहसा पहिल्या दिवशी ठरतो तोच शेवटपर्यंत. हा दर लिलावात ठरतो आणि ज्याची बोली कमी त्याला काम मिळते. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला सौर पार्कच्या लिलावात तो २.४४ रुपयांपर्यंत उतरला. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या एका लिलावात १.९९ रुपयांची बोली लागली. ग्राहक म्हणून आपल्याला आनंदच आहे. पण ज्या कंपनीने ही बोली लावली, तिला पंचवीस वर्षे त्याच दरात वीज द्यायची आहे. भाजी, पेट्रोल, पगार सगळे वाढेल, हा दर वाढणार नाही. त्यात पूर्वी वितरण कंपन्या महिनोन् महिने बिले थकवत. २०२२ मध्ये केंद्राने उशिराच्या देयकांवर अधिभाराचे कडक नियम आणल्यावर परिस्थिती बरीच सुधारली. पूर्ण गेली, असे मात्र म्हणवत नाही.

मग वीज विकणारी कंपनी वाढते कशी? एक रिक्षावाला घ्या. मीटरचा दर ठरलेला, दिवसाचे तास ठरलेले. त्याला उत्पन्न दुप्पट करायचे तर दुसरी रिक्षाच घ्यावी लागेल, आणि ती पहिलीच्या शिलकीतून लगेच येत नाही. कर्ज काढावे लागते किंवा मेहुण्याला भागीदार करून घ्यावे लागते. वीज कंपनीही तशीच. प्रत्येक नव्या मेगावॅटसाठी नवे कर्ज, नाही तर नवे भागीदार. 'क्षमता दुप्पट झाली' ही बातमी वाचल्यावर कर्ज किती वाढले आणि भागीदार किती वाढले, हे विचारल्याशिवाय ती बातमी पूर्ण होत नाही.

सुझलॉनचा प्रवास

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच कंपनीच्या इतिहासात शोधायची, तर सुझलॉन एनर्जीसारखे उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. ही यंत्रे बनवणारी कंपनी, पहिल्या प्रकारातली. तिचे संस्थापक तुलसी तांती यांचा सुरतेत कापडाचा व्यवसाय होता. विजेचा खर्च परवडेना आणि वीजही भरवशाची नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. त्यातून कापडापेक्षा पवनचक्क्यांचाच धंदा बरा, हे त्यांच्या लक्षात आले आणि १९९५ मध्ये सुझलॉन सुरू झाली. मुख्यालय पुण्यात.

त्यांची युक्ती साधी होती. पवनचक्की घ्यायची तर जागा शोधणे, वाऱ्याची मोजणी करणे, परवानग्या मिळवणे, यंत्र उभारणे आणि पुढे वर्षानुवर्षे सांभाळणे हे सगळे आलेच. कापड गिरणीच्या मालकाला हे जमणार कसे? सुझलॉनने सांगितले, तुम्ही फक्त पैसे द्या, बाकी आम्ही बघतो. त्या काळी पवनचक्कीच्या किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून आयकर वाचवता येत असे. त्यामुळे नफ्यातल्या कंपन्या मार्चअखेर पवनचक्क्या घेत. साताऱ्याचे वनकुसवडे पठार, धुळ्याचे ब्राह्मणवेल, राजस्थानात जैसलमेर, इकडे कच्छ आणि सौराष्ट्र, सगळीकडे तिची पाती फिरू लागली.

२००५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कंपनीने लोकांना शेअर विकले, ५१० रुपयांना एक. पुढची तीन वर्षे डोळे दिपवणारी होती. २००६ मध्ये तिने बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी ४६.५ कोटी युरोला विकत घेतली. २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेव्हाशी बोलीयुद्ध करून जर्मनीची रीपॉवर ताब्यात घेतली. त्या वेळी मी कॉमर्सची विद्यार्थिनी होते. भारतीय कंपन्या परदेशातल्या कंपन्या घेताहेत, याचे आमच्या वर्गात फार कौतुक चालायचे. वार्षिक विक्री २००५-०६ मध्ये ३,८०० कोटींच्या आसपास होती. २००८-०९ मध्ये ती २६,००० कोटींवर गेली. तीन वर्षांत जवळपास सातपट. वाढ म्हणतात ती हीच.

पण त्याच २००८-०९ या वर्षात नफा किती होता? आदल्या वर्षी हजार कोटींच्या आसपास, या वर्षी अडीचशे कोटींच्याही खाली. विक्री दुपटीच्या जवळ गेली आणि नफा चौथ्या हिश्शावर आला.

कारणे एकापाठोपाठ एक आली. अमेरिकेत पाठवलेल्या काही पवनचक्क्यांच्या पात्यांना तडे गेले आणि १,२५१ पाती मजबूत करून देण्याची मोहीम कंपनीला स्वखर्चाने हाती घ्यावी लागली. २००८ च्या जागतिक मंदीत परदेशी गिऱ्हाइकांना कर्ज मिळेना, तेव्हा ऑर्डरी थांबल्या. रीपॉवर विकत घेतली होती खरी, पण तिच्या तिजोरीतला पैसा कर्जदात्यांच्या अटींमुळे सुझलॉनला आपल्या कर्जासाठी सहज वापरता येईना. घर आपल्या नावावर, पण भाडे हाती येत नाही, अशी गत. आणि हे सगळे घेतलेले होते कर्जावर. हप्ता गिऱ्हाइकासाठी थांबत नाही.

२०१२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षी मार्चअखेर पवनचक्क्यांवरच्या जलद घसाऱ्याची सवलत सरकारने काढून घेतली (ती पुढे दोन वर्षांनी परत आली, नंतर पुन्हा कमी झाली). आणि ऑक्टोबरात परकीय चलनातल्या रोख्यांची वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम कंपनी वेळेवर फेडू शकली नाही. देशातल्या बँकांना तिच्या सुमारे ९,५०० कोटींच्या कर्जाची फेररचना करावी लागली. बँकेत 'फेररचना' म्हणतात तेव्हा हप्ते लांबतात, काही व्याज पुढे ढकलले जाते आणि काही कर्जाच्या बदल्यात शेअर घेतले जातात. शेवटचा भाग लक्षात ठेवा. २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी, तोवर तिचे नाव सेनव्हिऑन झाले होते, एक अब्ज युरोला विकावी लागली.

जरा सावरते न सावरते तोच २०१७ मध्ये पवनऊर्जेचे दरही लिलावाने ठरू लागले. फेब्रुवारीतल्या पहिल्या लिलावात ३.४६ रुपये, डिसेंबरात गुजरातेत २.४३. ज्यांना पवनचक्क्या घ्यायच्या होत्या ते थांबून राहिले. देशात २०१६-१७ मध्ये साडेपाच हजार मेगावॅट पवनचक्क्या लागल्या होत्या, पुढच्या वर्षी दोन हजारांच्याही कमी. २०१९ मध्ये कंपनीने पुन्हा रोख्यांचे पैसे चुकवले. २०२० मध्ये कर्जाची पुन्हा फेररचना झाली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शेअर दोन रुपयांच्याही खाली होता.

तिथून ती परत उभी राहिली, हेही सांगायलाच हवे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी तुलसी तांती यांचे निधन झाले. त्यानंतर आधीच्या शेअरधारकांना पाच रुपये दराने नवे शेअर देऊन १,२०० कोटी उभारले गेले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या गुंतवणूकदारांना १७.५५ रुपयांनी शेअर विकून आणखी २,००० कोटी आले आणि कर्ज जवळपास फिटले. ऑर्डरी आल्या, नफा आला. २०२४ च्या सप्टेंबरात शेअर ८६ रुपयांवर गेला होता. पुतण्याने ऐकलेले 'वर्षात दुप्पट' हे इथले.

५१ हजारांचे काय झाले?

आता २००५ मध्ये शंभर शेअर घेतलेल्या एखाद्या छोट्या बचतदाराचा हिशेब मांडू. ५१,००० रुपये गुंतवले. २००८ च्या जानेवारीत दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले, म्हणजे त्याच्याकडे ५०० शेअर आले आणि प्रत्येकाची मूळ किंमत पडली १०२ रुपये. त्याच महिन्यात, या हिशेबाने, भाव ४०० च्या वर होता. कागदावर दोन लाखांहून अधिक झाले. विकले असते तर ते खरे झाले असते. २०२० च्या मार्चमध्ये त्याच पाचशे शेअरचे हजार रुपयेही येत नव्हते. २०२४ च्या उच्चांकाला, सगळीकडे पुन्हा गाजावाजा सुरू असताना, त्यांची किंमत होती ४३,०००. सुरुवातीच्या वर्षांतला थोडाफार लाभांश सोडला, तर एकोणीस वर्षांनंतरही मुद्दल पूर्ण परत आलेले नव्हते. तेच ५१,००० रुपये सरासरी सात टक्क्यांनी ठेवीत राहिले असते, तर कर धरण्यापूर्वी १ लाख ८४ हजारांच्या आसपास झाले असते.

ज्याने २०२२ मध्ये पाच रुपयांना घेतले, त्याचे दोन वर्षांत सतरापट झाले, हेही तितकेच खरे. फक्त त्या वेळी कोणी पुतण्या ते शेअर घ्या म्हणून काकांच्या मागे लागत नव्हता. भीती असते तेव्हा भाव कमी असतो आणि मोह पडतो तेव्हा जास्त.

इथे एक प्रश्न पडायला हवा. कंपनी परत उभी राहिली, कर्ज फिटले, नफा झाला, मग जुना शेअरधारक मागेच का? उत्तर त्या मघाच्या 'कर्जाच्या बदल्यात शेअर' मध्ये आहे. २००८ मध्ये कंपनीचे सुमारे १५० कोटी शेअर होते. २०२४ मध्ये ते १,३६० कोटींच्या वर होते. दर वेळी अडचण आली की नवे शेअर निघाले: बँकांना, रोखेधारकांना, नव्या गुंतवणूकदारांना. घरात एकच खापरपोळी आणि खाणारी तोंडे दोनाची अठरा झाली, तर पोळी मोठी करूनही प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? म्हणून नफ्याची बातमी वाचताना एकूण आकड्यापेक्षा 'प्रति शेअर कमाई' हा आकडा पाहावा. वार्षिक अहवालात आणि तिमाही निकालात तो शेवटी, लहान अक्षरांत असतो.

नफ्याच्या आकड्यातही पोकळ जागा असतात. २०२४-२५ मध्ये सुझलॉनचा नफा दोन हजार कोटींच्या वर गेला, पण शेवटच्या तिमाहीतल्या नफ्यात सुमारे ६०० कोटी स्थगित कराच्या नोंदीतून आले होते. जुन्या तोट्यामुळे पुढे जो आयकर वाचणार आहे, त्याची ती आजच केलेली नोंद. हिशेबाच्या नियमांत ती पूर्ण बसते, लपवलेलीही नसते. पण पवनचक्क्या विकून आलेले ते पैसे नव्हेत आणि पुढच्या वर्षी तेवढेच पुन्हा येतील, असे धरता येत नाही.

चांगल्या कंपनीचीही किंमत असते

सुझलॉनचे उदाहरण जुने आणि टोकाचे वाटेल. मग दुसऱ्या प्रकारातली, वीज विकणारी, सरकारी घराण्यातली कंपनी घेऊ. काका आले त्याच्या आधी महिन्याभरात एनटीपीसी ग्रीन एनर्जीने १०८ रुपयांना शेअर विकून १०,००० कोटी उभारले होते. एनटीपीसी ही देशातली सर्वांत मोठी वीज निर्माण करणारी कंपनी; तिची ही मुलगी. उभारलेल्या पैशांपैकी ७,५०० कोटी उपकंपनीच्या कर्जफेडीसाठी, असे विक्रीच्या कागदपत्रातच लिहिले होते. म्हणजे रिक्षावाल्याच्या मेहुण्याचे काम इथे आपण करणार होतो, आणि त्यात गैर काहीच नाही. कर्ज कमी झाले तर पुढचे प्रकल्प घ्यायला वाव मिळतो.

प्रश्न किमतीचा होता. २०२३-२४ मध्ये कंपनीचा नफा सुमारे ३४५ कोटी होता. विक्रीनंतरचे एकूण शेअर ८४२ कोटींच्या वर. भागाकार करा: शेअरमागे ४१ पैसे. ४१ पैसे कमावणाऱ्या कागदाला १०८ रुपये, म्हणजे कमाईच्या २६० पटींहून जास्त. घेणाऱ्याने आज चालू असलेल्या प्रकल्पांचे नव्हे, तर पुढच्या अनेक वर्षांत उभे राहायच्या प्रकल्पांचे पैसे आगाऊ मोजले होते. ते प्रकल्प झाले, वेळेवर झाले, त्यांना वीजवाहिनी मिळाली, तर किंमत पुढे योग्यही ठरेल. पण तोवर चांगल्या बातमीनेही भाव वाढेलच असे नाही, कारण ती बातमी भावात आधीच मोजून झालेली असते. काही महिन्यांतच तो शेअर १०८ च्या खाली आला. कंपनीत काही बिघडले नव्हते, तिची क्षमता तर वाढतच होती.

हे सगळे मी काकांना एका बैठकीत सांगितले नाही. मागे रांग होती. त्यांना एवढेच विचारले, की ही तीन लाखांची रक्कम कशासाठी ठेवली आहे. "हिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी करायचं म्हणतात डॉक्टर." मग मी पावती त्यांच्याकडे सरकवली. ठेव चार महिन्यांत पिकणार होती; आता मोडली तर साधारण अर्धा ते एक टक्का व्याज दंडापोटी जाणार होते. बँकेतली ठेव पाच लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते. शेअरच्या किमतीला असा विमा नाही. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, तो पैसा ज्याच्या परताव्याची तारीख कोणीच सांगू शकत नाही अशा ठिकाणी का न्यावा? ज्या पैशाला सात-आठ वर्षे हात लावायचा नाही, त्यातला थोडा भाग, आणि तोही एका कंपनीत न घालता म्युच्युअल फंडातून दरमहा पाचशे-हजार असा, याला माझी हरकत नसते.

"पण मॅडम," ते थोडे हिरमुसले, "सूर्याचं काहीतरी करावं असं मनात होतं."

त्यासाठी दोन रस्ते सांगितले. काही बँका हरित ठेवी घेतात. रिझर्व्ह बँकेची त्याबद्दलची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे. तो पैसा अक्षय ऊर्जेसारख्या कामांना कर्जाऊ दिला जातो, व्याज ठरलेले असते आणि ठेवविमा नेहमीचाच. दुसरा रस्ता त्यांच्या डोक्यावरच होता: घर स्वतःचे, गच्ची मोकळी. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. तारणाशिवाय कर्जाचीही सोय आहे.

पुढच्या आठवड्यात काका वर्षभराची वीजबिले आणि एका दुकानदाराचे कोटेशन घेऊन आले. कोटेशन पाच किलोवॅटचे होते. आम्ही बिलांची बेरीज केली, तर महिन्याला सरासरी २१० युनिट. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे दोन किलोवॅटचे महिन्याला २४० झाले. तीननंतर अनुदान वाढत नाही आणि घरात माणसे दोनच. काकांनी पाचाच्या आकड्यावर पेनने काट मारली, शेजारी दोन लिहिले आणि दुकानदाराला फोन लावायला बाहेर गेले.